पहिला अर्धा तास

लग्न असो, सत्यनारायण असो, नाहीतर सड्याच्या माळावरचे क्रिकेटचे सामने असोत, आमच्या घरमालकांचा लाऊडस्पीकर न्यायचा तर त्यांची एक अट मान्य करावी लागे. पहिला अर्धा तास त्यांचा. त्या अर्ध्या तासात ते त्यांना हवं ते लावणार, आणि त्यांना हवं असायचं ते शास्त्रीय संगीत. त्यानंतर तुम्ही सिनेमातली गाणी लावा, नाहीतर नवरदेवाच्या मामाच्या हातात माइक द्या, त्यांची हरकत नसे. गिऱ्हाईक फारच कुरकुरलं तर ते शांतपणे सांगत, की गावात दुसरेही भोंगेवाले आहेत. ते होतेच. पण त्यांचे भोंगे खरखरत, आणि ह्यांचा आवाज असा स्वच्छ की मंगलाष्टकात भटजी कुठे अडखळले तेही मांडवाच्या शेवटच्या माणसाला कळे. म्हणून लोक अट मान्य करत. अशा रीतीनं रत्नागिरी, लांजा आणि राजापूर तालुक्यांतल्या पुष्कळशा जनतेनं आयुष्यात कधी ना कधी अर्धा तास ख्याल ऐकलेला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण ख्याल ऐकला हे माहीत नाही.

मी मिरजेची. रत्नागिरीच्या एका शाळेत संगीतशिक्षिका म्हणून लागले आणि मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ह्यांच्या घराची माडी भाड्यानं घेतली. खाली पडवीत कर्णे, पेट्या, वायरींची वेटोळी आणि त्यांतून वाट काढत ये-जा करणारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. मी ह्यांना काका म्हणायची. ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. पहिल्या दिवशी खोली दाखवताना त्यांनी माझं गाव, जात, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. फक्त विचारलं, गाताना मी डोळे मिटते का. मी जरा ऐटीतच हो म्हटलं. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं, की सूर आत शोधायचा असतो.

"मग लोक दिसतात कसे?" काका म्हणाले.

मला तेव्हा हा माणूस अडाणी वाटला. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारी वाढलेली मी, माझ्या नाकावर तेव्हा माशी बसत नसे. ह्या भोंगेवाल्यानं मला लोक दाखवावेत, ही कल्पनाच मला सोसणारी नव्हती. पण माडीला वारा छान होता, म्हणून राहिले. ती राहिले ती अकरा वर्षं.

काका गाणं कुणाकडे शिकले नव्हते. धंद्यानं वायरमन. पेटी दोन बोटांनी वाजवायचे, तीही उभ्याउभ्या, दुकानदार काट्यावर वजन करतो तशी. पण चाळीस वर्षं मोठमोठ्या गवयांच्या कॅसेटी त्यांनी चार माणसांच्या घरात नव्हे, चारशे माणसांच्या मांडवात ऐकल्या होत्या. त्यामुळे गाण्याबद्दलची त्यांची सगळी मतं ही गाण्याबद्दल नसून माणसांबद्दल असत. अमुक गवय्याची तान कशी, हे त्यांना विचाराल तर ते सांगत, की त्या तानेला बायका पदर सावरतात. तमुकचा तराणा कसा? तर त्याला पोरं पळायची थांबतात. माझ्या सहा परीक्षांत असलं काही कुठे आलं नव्हतं.

पंगतीचं त्यांचं संशोधन तर जगावेगळं होतं. लग्नाच्या पंगतीला विलंबित लावलं की लोक सावकाश जेवतात, हे त्यांनी ताडून पाहिलेलं होतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात पानात पडलेला, वर विलंबित चाललेलं, आणि माणसं घास हातात घेऊन नुसती बसलेली. दुसरी पंगत दारात तिष्ठत उभी. शेवटी आचारी पळीसकट बाहेर येऊन हात जोडायचा, की बाबा रे, काहीतरी जलद लाव, भात निवतोय. काका मग मध्यलय लावायचे. द्रुत मात्र कधीच लावायचे नाहीत, कारण द्रुतात लोक ताक सांडतात. पाहुण्यांच्या बाबतीत हे खरं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण ताटावर बसले की मीच पुढे अशी सावध होऊ लागले.

दोन गोष्टींचा त्यांना राग होता. पहिली, रागाचं नाव आधी सांगणं. दुकानाची पाटी वाचली की लोक आत डोकावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुसरी म्हणजे 'रसिक' हा शब्द. हा शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. ते म्हणायचे, माणूस दारात आला की त्याला आपण 'या' म्हणतो, आधी त्याची परीक्षा घेतो काय? रसिक म्हटलं की उरलेले सगळे अरसिक झाले, आणि ते उरलेले म्हणजे आमचे सगळे नातेवाईक. गावातल्या एका संगीत मंडळाच्या कार्यक्रमांना ते दरवर्षी फुकट लाऊडस्पीकर लावत, पण निवेदकानं "रसिकहो" म्हटलं की त्यांचं बोट बटणावर जायचं आणि तेवढा शब्द गायब व्हायचा. निवेदक बिचारा दरवेळी माइक ठोकून बघायचा. मंडळाचे अध्यक्ष एकदा तक्रार घेऊन घरी आले, तर ह्यांनी त्यांना कोकम सरबत दिलं आणि सांगितलं की वायर जुनी आहे, नेमक्या त्याच शब्दाला तुटते.

पण ह्या हट्टी माणसाचा एक नियम होता, आणि तो मला फार उशिरा कळला. पहिला अर्धा तास त्यांचा असला तरी ते त्या वेळात मशीनजवळ पाठ फिरवून कधी बसत नसत. लोकांकडे तोंड करून बसत. एखाददुसरा बोलला तर सोडून देत. पण सगळा मांडव बोलायला लागला, तोंडं हलायला लागली, की अर्धा तास पुरा व्हायच्या आत ते आपल्या हातानं गाणं बंद करत आणि लोकांना हवं ते लावत. मी त्यांना विचारलं होतं, एवढी अट घालून हक्क मिळवायचा आणि वर सोडायचा कशाला. ते म्हणाले, "ऐकवायचा हक्क माझा. ऐकण्याचा त्यांचा. लोक बोलाय लागले की समजायचं, आपलं संपलं."

एकदा राजापूरकडच्या नाटे गावात एका निकाहसाठी त्यांना बोलावणं आलं आणि शाळेला सुट्टी म्हणून मीही टेम्पोतून गेले. सकाळची वेळ, समोर खाडी, मांडवात आखातातून सुट्टीवर आलेली तरणी मुलं. मला वाटलं, इथे काही ह्यांची डाळ शिजत नाही. काकांनी सकाळचा एक राग लावला. दहा मिनिटांत मुलं मोबाइलमध्ये, बायका आत, आणि बाकीच्यांची तोंडं चालू. काकांनी नियमाप्रमाणे बंद केलं. तेवढ्यात नवऱ्याचे आजोबा काठी टेकत आले. जन्म बोटीवर गेलेला म्हातारा. त्यांनी काकांना विचारलं, की का थांबवलंस. काकांनी सांगितलं, लोक बोलतात. आजोबा म्हणाले की लोक तर दर्याच्या आवाजातपण बोलतात, म्हणून दर्या काय बंद करतोस? काकांनी ती कॅसेट परत लावली. हे वाक्य आपल्याला कसं सुचलं नाही, एवढंच परतीच्या वाटेवर म्हणाले.

आता त्या चिजेबद्दल सांगते. सांगायचं ते खरं तिच्याचबद्दल आहे, इतका वेळ मी टाळत होते, कारण त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

काकांनी एक चीज बांधली होती. रागही त्यांचाच. त्यांचं म्हणणं, पहाटेला राग आहेत, संध्याकाळला आहेत, रात्रीला तर उदंड आहेत, पण आपल्याकडचा माणूस मोकळा कधी असतो? दुपारी जेवल्यावर. तेव्हा साडेतीनचा राग पाहिजे. चढताना तो सारंगासारखा सरळ चढायचा आणि उतरताना मध्येच कोमल धैवत लागायचा. ओळखीच्या घरात शिरावं आणि मागचं दार भलत्याच अंगणात उघडावं तसं व्हायचं. आणि शब्द? व्रज नाही, संस्कृत नाही, लांज्याकडच्या वाडीत बोलतात तेच.

बस वाईच, ऊन कलू दे
जाशील मंग, वाट काय पलते

एवढंच. जरा बस, वाट काही पळून जात नाही. प्रत्येक ओळीनंतर भली मोठी विश्रांती. काकांनी ती मला पेटीवर दोन बोटांनी वाजवून, घोगऱ्या आवाजात गाऊन दाखवली, आणि पेटीचा भाता सोडून माझ्याकडे बघत राहिले. मला ती आवडली होती. हे मी आज सांगते. तेव्हा मी म्हटलं की कोमल धैवत इथे शास्त्राला धरून नाही, आणि 'वाईच' हा शब्द ख्यालात कसा काय चालेल. काका म्हणाले, बरं. काकूंनी आतून चहा आणला आणि विषय संपला.

पण त्यांच्या मनातला संपला नाही. ते संगीत मंडळाकडे गेले. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की रसिकांचा हिरमोड होईल. नेमका तोच शब्द. पाहुण्या गवयांना स्टँडवर सोडायला जाताना टेम्पोत त्यांनी चीज ऐकवून पाहिली. एकानं "वा, छान प्रयत्न" म्हटलं आणि दुसऱ्याला झोप लागली. मग दर चार-सहा महिन्यांनी माझ्याकडे विषय निघायचा. कुठल्यातरी वाडीत, साध्या माणसांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा गा. पाऊण तास. जमलं तर जमलं, नाही तर लोक उठून जातील, मग मला कळेल. मी कधी परीक्षेचं कारण द्यायची, कधी घशाचं. खरं कारण वेगळंच होतं. मिरजेच्या कुणाच्या कानावर गेलं असतं, की ही आता भोंगेवाल्याच्या चिजा गाते, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. ही लाज मी चार वर्षं जपली. अजून आठवलं की माझा मला राग येतो.

त्या चार वर्षांत काकांचे कान गेले. कर्ण्याशेजारी जन्म काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी होत नाही म्हणून त्यांनी कुकर तीनदा दुरुस्तीला नेला, आणि दुकानदारानं तिन्ही वेळा तो शिट्टी मारून परत दिला. माझ्या तंबोऱ्याची जवारी, तारांची ती बारीक झणझण, उतरलीय असं मला दोनदा बजावलं. मला ते थट्टेचं वाटायचं. मग एका लग्नात त्यांनी बारीक आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि त्यांना तरीही कमीच वाटत होतं. मांडवात बायकांनी कानांवर हात ठेवले. जन्मभर गोड आवाजासाठी नावाजलेला माणूस, आणि लोक कान झाकतायत, हे त्यांनी समोर पाहिलं. त्यांनी मशीन मदतीला असणाऱ्या भाच्याच्या स्वाधीन केलं आणि मांडवाच्या मागे जाऊन बसले. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यातून बोलणं थोडंफार कळायचं, पण सूर आला की पत्रा खरवडल्यासारखं वाटतं म्हणून ते यंत्र खिशातच असायचं.

एका संध्याकाळी ते जिना चढून वर आले. खोली दाखवली त्या दिवसानंतर ते माडीवर आलेले मला आठवत नाहीत. भाडेकरूच्या खोलीत जायचं नाही, हाही त्यांचा एक नियम होता. दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तरीणबाई, एक कान गेलाच. दुसरा जातोय. मला ऐकू येवो न येवो. लोकांनी एकदा ऐकूदे. मग मी परत नाय विचारणार."

मी हो म्हटलं. चार वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर त्यांना आपली चीज ऐकू आली असती.

लांज्याच्या अलीकडे हायवे सोडून आत एक वाडी आहे. दर मे महिन्यात मुंबईकर चाकरमानी आले की देवीच्या देवळात सत्यनारायणाची महापूजा होते, आणि लाऊडस्पीकर तीस वर्षं काकांचा. वाडीवाल्यांनी अट ऐकून घेतली. ह्या वेळी अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास, आणि कॅसेटऐवजी बाई येऊन गाणार. त्यांनी विचारलं, बाई भजन म्हणणार काय. काका म्हणाले, भजनच समजा. तबल्याला वाडीतलाच भजनी मंडळातला एक जण मिळाला. त्याला मी ठेका समजावून दिला, तर म्हणाला, एवढा सावकाश वाजवायचा म्हणजे मधे झोप काढायची काय. तरी त्यानं वाजवला, आणि नेटका वाजवला.

जेवणं झाली. साडेतीन वाजले. सभामंडपात माणसं दाटीवाटीनं बसलेली, उरलेली बाहेर चिऱ्याच्या कठड्यावर, फणसाखाली. पुढे गावकर म्हातारबाबा, दरवर्षी देवीसमोर गाऱ्हाणं घालणारे. काका त्या दिवसापुरते पुन्हा एका बाजूला मशीनजवळ, त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बसलेले. यंत्र कानात नव्हतं. मी तंबोऱ्याच्या पेटीचं बटण दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून गायला लागले.

आलाप झाला. लोक बसून होते, एवढंच मला दिसलं. मग मी चिजेची पहिली ओळ सावकाश म्हटली आणि काकांनी सांगितलं होतं तशी थांबले. त्या शांततेत गावकरबाबांनी मान डोलावली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"व्हय म्हाराजा."

त्यांच्यामागून सगळ्या मंडपानं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मी गारच पडले. वाहवा मला ठाऊक होती, मान हलवणं ठाऊक होतं, अगदी जांभयासुद्धा ठाऊक होत्या. हे कुठल्या घराण्यात बसवायचं मला कळेना. थट्टा करतायत म्हणावं तर कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा तेच झालं, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या देवळात कुणी उभं राहून, एक वाक्य बोलून थांबलं, की त्याला होकार द्यायचा असतो. बाई देवीच्या पुढ्यात बसून सावकाश, एकेक वाक्य म्हणून थांबतायत. मग बाईंना गाऱ्हाण्यात एकटं कसं सोडायचं? ते माझं ऐकत होते. शब्दन्‌शब्द ऐकत होते. एवढं लक्षपूर्वक मला मिरजेत कुणी ऐकलेलं नव्हतं.

पण काकांना ह्यातलं काही कळायला वाव नव्हता. त्यांना दिसत होती फक्त हलणारी तोंडं. चीज सुरू होऊन चार मिनिटं नाही झाली आणि सगळा मंडप एकदम बोलतोय. पुन्हा थांबून, पुन्हा बोलतोय. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू वाकत गेली. मग ते उठले, मशीनकडे वळले आणि त्यांनी बटण बंद केलं. खट्‌ असा आवाज झाला आणि माझा आवाज एकदम माझ्याएवढाच उरला. काकांनी माझ्याकडे वळून तळहात दाखवला. पुरे. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. आपलं संपलं, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं.

मला थांबता आलं असतं. उठून त्यांच्याजवळ जाऊन, खिशातलं यंत्र कानात घालायला लावून समजावता आलं असतं. पण मी चार वर्षं थांबलेच होते. मी मान हलवून नाही म्हटलं आणि माइक बाजूला सारून तशीच गात राहिले. तबलेवाल्यानं हात हलका केला, कुणी न सांगता.

मागच्यांना आता ऐकू येईना. फणसाखालचे उठले. कठड्यावरचे उठले. मंडपातल्या मागच्या दोन रांगा उठल्या, मुंबईकर पोरं, बायका, कडेवरची लेकरं, सगळे. काकांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनी माइकची वायर सोडवली आणि धंद्याच्या सवयीनं पंजा आणि कोपर यांच्यावर गुंडाळायला लागले. एक वेढा, दोन वेढे. कार्यक्रम संपल्यावर ते नेहमी असंच करत.

उठलेली माणसं पुढे आली. चपलांतून, सतरंजीच्या कडेनं, एकमेकांना हातानं सरकवत ती आत शिरली, आणि जिथे बोटभर जागा मिळाली तिथे बसली. काही देवीच्या पायरीवर बसली, काही माझ्या पेटीला गुडघा लागेल इतक्या जवळ. एक बाई तर मांडी घालायला जागा नाही म्हणून लेकराला छातीशी धरून नुसती उकिडवी बसली. काकांनी वर पाहिलं तेव्हा त्यांच्यासमोर मागची जागा रिकामी होती आणि सगळी वाडी माझ्याभोवती गोळा झाली होती. त्यांचा हात वायरीवर तसाच थांबला.

किती वेळ ते तसे उभे राहिले मला सांगता येणार नाही, मी गात होते. मग गावकरबाबांनी थोडं सरकून आपल्या शेजारी सतरंजीवर हात थोपटला. काका वायरीसकट येऊन तिथे बसले. ह्या खेपेला लोकांकडे पाठ करून, तोंड माझ्याकडे. मी दुसऱ्यांदा ओळ घेतली, कोमल धैवतावर आले, थांबले. लोकांनी होकार दिला, पण आता अगदी हळू, घरातल्या घरात द्यावा तसा. काकांच्या दोन्ही बाजूंची तोंडं हलली. त्यांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. आणि बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही, तशा भल्यामोठ्या आवाजात, ऐन आलापात, त्यांनी गावकरबाबांना विचारलं,

"बरं चाललंय काय वो?"

सबंध मंडप त्यांच्याकडे वळला. बाया, पोरं, मुंबईकर, तबलेवाला, सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. तो "शू" काकांना ऐकू गेला नाही. बोटं दिसली. एवढी बोटं त्यांनी एकदम कधी पाहिली नसतील. त्यांनी वायर मांडीवर ठेवली, सगळ्यांना हात जोडून माफी मागितली आणि चीज संपेपर्यंत गप्प बसून राहिले.